उघाडीवरचे कावळे

भाद्रपद सरत आला की माझं नाक मला छळायला लागतं. पनवेलच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात, जिथं खिडकीतून फक्त समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात, तिथं मला निसवलेल्या भाताचा वास येतो. सून म्हणते, "बाबा, कुकर लावलाय." कुकरच असतो. पण कुकरातल्या भाताला तो वास नाही. दाणा दुधात आला की शेतावरून येणारा तो कोवळा, ओलसर, किंचित गोड वास. आमच्या खारातल्या भाताला तो जास्तच, कारण त्यात खाडीचा चिखलही मिसळलेला.

आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा वास येतो. खारं पाणी चार दिवस उभं राहिलेल्या भाताचा. हा दुसरा वास आता फार थोड्यांना आठवत असेल. तो मी गावाला दिलेला आहे. हे वाक्य लिहायला मला चाळीस वर्षांवर काळ लागला, आणि लिहिल्यावर हलकं वगैरे काही वाटलेलं नाही. उलट चीड येते आहे की एवढंसं वाक्य, तर मग आधी का नाही.

गेल्या दोन वर्षांत मी माझ्याच गावची तिवरं बघायला तीनदा गेलो. बघायला म्हणजे तिकीट काढून. मुरुडच्या एसटीतून आमच्या फाट्यावर उतरायचं, खाडीपर्यंत चालायचं. तिथं फळीवर रंगवलंय, 'खारफुटी निसर्गफेरी', आणि खाली एक कोल्हा. ज्यानं रंगवला त्यानं कोल्हा पाहिलेला नसावा. शेजारच्या आळीतला कुत्रा समोर बसवून काढलेला आहे. मी तरी कुठं पाहिला? तीन खेपांत खंड्या दिसला, बगळे तर ढिगानं, चिखलावर उड्या मारणारे निवटे दिसले, लाल नांगीचे खेकडे दिसले. कोल्हा नाही. होडीतले लोक दर फेरीला विचारतात, "कोल्हा कधी दिसणार?" जणू तो आत नोकरीला आहे आणि आज उशिरा आलाय.

पण मी कोल्ह्यासाठी जात नव्हतो.

ज्यांनी खारजमीन पाहिलेली नाही त्यांना थोडं सांगायला हवं. आमची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. खाडी आणि शेत यांच्यामध्ये फक्त मातीचा लांबलचक बांध. बांधात एक दार, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. दोन दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत एकावर एक सरकवायच्या लाकडी फळ्या. ओहोटी लागली की फळ्या काढायच्या, शेतात साठलेलं पावसाचं पाणी खाडीत जाऊ द्यायचं. भरती चढायच्या आत फळ्या परत लावायच्या आणि फटींत चिखल-पेंढा दाबायचा. एवढंच काम. त्याला ताकद लागत नाही, अक्कल लागत नाही. वेळ पाळावी लागते. प्रत्येक घराची पाळी ठरलेली. भरतीची वेळ पोरांनाही तोंडपाठ, कारण तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास निघतो. दशमीला साडेसात. अमावस्येला सव्वाअकराच्या सुमारास. मी शाळेत हाच हिशेब पाढ्यांसाठी वापरायचो. मुलं हसत हसत पाऊणकी शिकली.

म्हणजे मला वेळ माहीत नव्हती असं म्हणायची सोयही नाही.

त्या वर्षी हस्ताचा पाऊस उशिरा आणि जोरात लागला होता. शेतं तुडुंब. भात निसवून लोंब्या वाकायला लागलेल्या. पाणी काढलं नाही तर आडवं होईल, म्हणून रोज ओहोटीला उघाडी उघडत होते. सर्वपित्रीला पाळी आमच्या घरची आली. पहाटे मी फळ्या काढल्या. पाणी घोंघावत बाहेर पडायला लागलं, त्याबरोबर शेतात वाढलेले मासेही. त्या वर्षी उघाडीवर जाळं लावायचा हक्क जोमाकडे होता. जोमा आमच्याच गावातला, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, कंबरेपर्यंत सदा ओला असलेला माणूस. ओहोटीच्या पाण्याबरोबर जाणारे मासे धरायचे, हे त्याचं रीतसर काम. मी निघालो तेव्हा तो अजून आला नव्हता. नऊ वाजता येऊन फळ्या लावायच्या, असं ठरवून मी घरी गेलो.

घरी वडिलांचं पान. धाकटा भाऊ मुंबईहून आलेला, त्याला लवकरची एसटी गाठायची होती, म्हणून आईनं रांधप पहाटेच उरकलं आणि नऊच्या आतच वाडी दाखवली. केळीच्या पानावर भात, वरण, वडे, खीर, भाजणीची भाकरी. पान परसातल्या पत्र्यावर ठेवलं. आता कावळा शिवला की आम्ही जेवणार.

कावळा आला नाही.

आई अंगणात उभी राहून हाका मारत होती. "काव, काव, काव." भाऊ घड्याळ बघत होता. मी म्हटलं, "आई, मी उघाडीवर जाऊन येतो." आई म्हणाली, "बापाचं पान उघडं टाकून कुठं चाललास? त्याचं काय राहिलंय मनात? कबूल कर काहीतरी." मग मी पत्र्याकडे बघून कबूल करत बसलो. भावाला सांभाळीन. आईला दुखवणार नाही. बांधावरचा आंबा विकणार नाही. एकेक कबुली देऊन आभाळाकडे बघायचं. आभाळ मोकळं. आमच्या गावात एरवी कावळ्यांनी भाकरी हातातून न्यावी, आणि त्या सकाळी एक नाही. नऊचे साडेनऊ, साडेनऊचे दहा वाजले आणि मी बसून होतो. शिकलेला मास्तर. आईच्या धाकानं बसलो असं मी पुढं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. वडील माझ्यावर रागावून गेले होते आणि कावळा आला नाही तर ते सगळ्यांना दिसेल, याची मला भीती होती. लाजेपायी बसलो.

साडेदहाला बांधाकडून ओरडा ऐकू आला तेव्हा धावलो.

गावातले सगळे कावळे उघाडीवर होते. हे दृश्य मी विसरू शकलेलो नाही. बांधावर, खांबांवर, गवतात, काळेच काळे. पहाटे पाणी उतरताना कडेच्या चिखलात जे बारीक मासे अडकले होते त्यांची मेजवानी चालली होती. माझ्या वडिलांचं पान टाकून ते तिथं जेवत होते. आणि खाली दारातून खाडी आत येत होती. वेळ गेल्यावर फळी लावता येत नाही. पाणी ती हातातून काढून घेतं. जोमा छातीपर्यंत पाण्यात उभा राहून एक फळी खाचेत दाबत होता. त्याचं जाळं खांबाला लटकलेलं, त्यात मासे. मी पोचायच्या आणि खांबाच्या बाजूची माती ढासळायच्या मध्ये एक मिनिटही गेलं नसेल. बांधाला खांड पडली. मग पाणी दारानं येईना, खांडीनंच येऊ लागलं.

गावानं पेंढ्याच्या गुंड्या टाकल्या, दगड टाकले, एका म्हाताऱ्यानं आपल्या घराचं दार काढून आणलं. उधाणाचे दिवस. रोज दोनदा पाणी चढायचं आणि खांड रुंद करून जायचं. चौथ्या दिवशी लोकांनी हात टेकले. आणि मग तो दुसरा वास सुरू झाला.

बैठक देवळाच्या ओसरीवर झाली. धावत आलेल्यांनी काय पाहिलं होतं? उघडी उघाडी, पाण्यात जोमा, आणि जाळ्यात मासे. लावलेल्या फळ्या त्यानं माशांसाठी पुन्हा काढल्या, हे कुणी सांगायचीही गरज नव्हती. तरी रीत म्हणून मला विचारलं. "मास्तर, पाळी तुमच्या घरची. तुम्ही फळ्या लावल्या होत्या ना?"

मी म्हटलं, "लावल्या होत्या."

जोमा उठून उभा राहिला. "मी आलू तवा फल्या नव्हत्या. मास्तर, खरा सांगा." त्यानं ते दोनदा म्हटलं. मी ओसरीच्या खांबाकडे बघत होतो. माझंही शेत बुडालेलं, त्यामुळं माझा संशय कुणाला यायचं कारण नव्हतं. शिवाय मास्तर कशाला खोटं बोलेल?

पुढचं काही मला सुंदर करून सांगता येत नाही. जोमाला उघाडीवर, आणि मग हळूहळू कशावरच, कुणी बोलावीना. लग्नाच्या मांडवात त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायची. एक दिवस तो मिठागरावर मजुरीला गेला आणि तिकडंच राहिला. त्याची मुलगी सुनंदा तेव्हा चौथीत, माझ्याच वर्गात. पोरं तिला म्हणायची, "तुझ्या बापानं गाव खारवला." मी त्यांना छड्या मारल्या. तिला पहिल्या ओळीत बसवलं, माझ्याकडची पाटी दिली. हे माझं औदार्य. गावात लोक म्हणायचे, मास्तर देवमाणूस, शत्रूच्या पोरीलाही सांभाळतो. ते ऐकून मी मान खाली घालायचो आणि लोकांना तो विनय वाटायचा. दोन वर्षांनी मी बदली मागून घेतली.

त्या शेतात पुढं काय झालं, ते मी सुट्टीत येता-जाता एसटीतून बघत होतो. पहिल्या उन्हाळ्यात जमिनीवर मिठाची पांढरी साय. मग खारं, मांसल पानांचं गवत. मग कुठून तरी भरतीवर तरंगत तिवराचे हिरवे, बदामाएवढे दाणे आले आणि चिखलात उभे राहिले. एका वर्षी गुडघ्याएवढे, एका वर्षी डोक्याएवढे. आता आत ऊन पोचत नाही. झाडांच्या भोवती चिखलातून बोटांसारखी मुळं वर आलेली, हजारो. पण एक गोष्ट फक्त आमच्यासारख्याला कळते. ही तिवरं काही ठिकाणी सरळ ओळीत वाढलेली आहेत आणि ओळ मध्येच काटकोनात वळते. ते शेतांचे बांध आहेत. उंचवट्यावर झाड आधी धरलं. होडीतून जाताना मी मनात सातबारा वाचत जातो: हे अमक्याचं, हे तमक्याचं, हा काटकोन माझा.

होडी गावातल्या बायकांचा गट चालवतो आणि फेरीवर माहिती सांगते ती सुनंदा. पन्नाशी उलटलेली, आवाज खणखणीत, हातात वल्हं. पहिल्या वेळी तिनं मला लगेच ओळखलं. "मास्तर ना तुम्ही? या, या, सावलीत बसा." लाइफ जॅकेटचा पट्टा मला लावता येईना, तो तिनं स्वतः वाकून लावला. मी काही बोललो नाही. होडीत गर्दी होती, असं कारण मी घरी परत जाताना तयार केलं. दुसऱ्या वेळी तिच्याकडे पाहुणे होते. कारणांचा मला कधी तुटवडा पडलेला नाही.

यंदा सर्वपित्री रविवारी आली. मुलाला सांगितलं, पान तू ठेव, मी गावी जातो. साडेदहाच्या फेरीला बसलो. पुण्याची दोन कुटुंबं होती. आत शिरल्यावर गारवा आला, चिखलाचा कुबट वास आला. एक खंड्या निळी रेघ ओढून गेला आणि सगळ्यांनी मोबाइल वर काढले तोवर नाहीसा झाला. मग दोन दगडी खांब आले. एक कललेला, कालवांच्या धारदार शिंपल्यांनी मढलेला. सुनंदानं वल्हं थांबवलं आणि शहरी मराठीत सांगायला लागली.

"इथं आमची उघाडी होती, म्हणजे पाण्याचं दार. माझ्या वडिलांनी माशांच्या नादात फळ्या काढल्या आणि बांध फुटला. गावाची शेती गेली. लोकांनी त्यांना मरेपर्यंत शिव्या दिल्या. पण बघा, ते झालं नसतं तर ही तिवरं असती का? हे पक्षी असते का? म्हणून मी म्हणते, हे माझ्या बापाचं जंगल आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिन्ही वेळा वाजवल्या होत्या.

हीच माझी खरी कोंडी. मी जोमाच्या माथ्यावरचा डाग पुसायला यायचो, आणि इथं त्याच्या लेकीनं त्या डागाचं जंगल केलेलं. खरं सांगणं म्हणजे जोमाचं हेही काढून घेणं. खोटं बोलून एकदा लुटलं, आता खरं बोलून दुसऱ्यांदा. मला स्वतःचा इतका संताप आला की खांबावर हात आपटला असता, पण कालवांनी सोलला असता, आणि तेवढंही धैर्य नव्हतं.

धक्क्यावर लोक उतरून गेले. सुनंदा ओली जॅकेटं दोरीवर टाकत होती.

"सुनंदा, फळ्या मी लावल्या नव्हत्या."

"कुठल्या?"

"उघाडीच्या. पहाटे काढल्या आणि लावायला गेलोच नाही. जोमा आला तेव्हा दार उघडंच होतं. तो लावत होता."

ती जॅकेटं टाकत राहिली. मग शहरी मराठी गेली.

"आन् मंग तुम्ही व्हतात कुठं?"

"घरी. वाडी दाखवली होती. कावळ्याची वाट बघत बसलो होतो."

"कावल्याची?" ती हसली. मी तिला हसताना पुष्कळदा पाहिलं होतं, हे तसं नव्हतं. "अवघा गाव बुडाला आन् तुम्ही कावल्याची वाट बघत व्हता?"

मी मान हलवली.

"मरताना पण बाबा तेच सांगत व्हता. पोरी, फल्या नव्हत्या. फल्या नव्हत्या. मी बोलले, बाबा, पुरे आता, झाला तो झाला." तिनं हातातलं जॅकेट खाली टाकलं. "गावाचा सोडा, मास्तर. मी न्हाय इश्वास ठेवला. मी. त्याच्या पोरीनं. मास्तर खोटा बोलंल का, म्हणून."

एवढ्या वर्षांत मी माझ्या अपराधाची मोजदाद बऱ्याच प्रकारे केली होती. शेतं मोजली होती, घरं मोजली होती. हे त्यात नव्हतं.

मी म्हटलं, "तू म्हणशील ते करतो."

धक्क्यावर पुढची माणसं जमायला लागली होती. पाणी अजून भरलेलं होतं. सुनंदानं डोळे पुसले नाहीत, पदरही तोंडाला लावला नाही. जॅकेट उचललं आणि माझ्या अंगावर चढवलं. पट्टा इतका आवळला की श्वास कोंडला. "बसा. ह्या फेरीला तुम्ही सांगा."

मी शाळेत तीस वर्षं बोललो आहे, तरी खांब येईपर्यंत मनात वाक्यं जुळवत राहिलो. खांब आले. वल्हं थांबलं. मी उभा राहिलो, होडी डुचमळली, कुणीतरी "काका, सांभाळून" म्हणालं. मी सांगितलं. पाळी माझी होती. फळ्या मी लावल्या नाहीत. ह्यांचे वडील त्या लावत होते. बैठकीत मी खोटं बोललो. चार वाक्यं, जास्त नाहीत.

मग गॉगल लावलेला एक तरुण उत्साहानं म्हणाला, "म्हणजे काका, ह्या सगळ्याचं क्रेडिट तुमचंच की!" आणि टाळ्या वाजवायला लागला. बाकीच्यांनीही वाजवल्या.

मी सुनंदाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच होती. "घ्या," ती म्हणाली.

"टाळ्या नका वाजवू," मी ओरडलो. मास्तराचा जुना आवाज निघाला. टाळ्या थांबल्या, एक बगळाही उडाला. "एका माणसाला ह्यापायी गावात कुणी शेजारी बसू दिलं नाही. तो मिठागरावर मेला. जोमा त्याचं नाव. जंगल मी केलेलं नाही. मी फक्त वेळेवर गेलो नाही आणि खोटं बोललो." लोक ओशाळले, इकडंतिकडं बघू लागले. तरुणानं गॉगल काढला, पुसला, परत घातला. मागून एक बाई हळूच म्हणाल्या, "कोल्हा दिसणारे का?"

सुनंदानं होडी कललेल्या खांबाशी नेली. खांबाच्या माथ्यावर केळीचं पान होतं. मी ते पहिल्या फेरीत पाहिलंच नव्हतं. पानावर दोन शितं राहिली होती.

"जोमाचं?"

"सकाली ठेवला. दर साली इथंच ठेवते."

मला विचारायचा अधिकार नव्हता, तरी विचारलं. "कावळा लगेच शिवतो?"

"बाबासाठी कधी थांबावा नाय लागला," ती म्हणाली आणि वल्हं मारलं.

परत येताना पाणी उतरायला लागलं होतं. चिखल उघडा पडत होता, मुळांच्या बोटांवरून थेंब गळत होते, निवटे बाहेर येऊन आमच्याकडे डोळे वटारून बघत होते. पाणी गेलं की होडी चालत नाही. आजच्या फेऱ्या संपल्या. धक्क्यावर मी विचारलं, "सुनंदा, गावात बैठक बोलावू? सगळ्यांसमोर सांगतो."

"कुनाला सांगाल? ऐकनारे चार उरलेत, त्यांतले दोन बहिरे." ती होडीची दोरी बांधत होती. "फेरीलाच सांगा. रोज. मी आता ती गोष्ट सांगायची न्हाय."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. चहाही विचारला नाही, आणि ते मला बरोबर वाटलं.

मी हे फाट्याजवळच्या लॉजवर बसून लिहितो आहे. मुलाचा फोन आला होता. म्हणाला, पान ठेवलं, कावळा आला नाही, शेवटी पान गाईला घातलं. तुम्ही कधी येताय? मी म्हटलं, थोडे दिवस राहीन. गुडघे दुखताहेत, होडीत चढताना दोघांना हात द्यावा लागतो, आणि उद्या पुन्हा कुणीतरी टाळ्या वाजवणार हे मला माहीत आहे. त्याला इलाज नाही. तेव्हा पुन्हा ओरडावं लागेल.

उद्या प्रतिपदा. भरती बारा वाजून गेल्यावर. फेरी अकराला सुटते. मी नऊ वाजता जाऊन बसणार आहे.